गाडीच्या तळाला आलमारीची पाठ

परवा आमच्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये लाल मिरचीचा ट्रक आला. माल उतरवून आलेला, रिकामा. केबिनचं दार आत गेलं होतं, तेवढं सरळ करून हवं होतं. पण पोती गेली तरी मिरची जात नाही. मी दाराच्या कडेला ग्राइंडर लावला आणि कुठल्या कुठल्या फटींतली धूळ उडाली. मी शिंकलो, माझ्या शेजारचा शिंकला, मग रंगखोलीतला माणूस मास्क लावून होता तोही शिंकला. इथं होसूरला माझी भाषा कोणाला येत नाही, त्यांची मला कामापुरती येते. शिंक मात्र सगळ्यांची सारखी. सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता मी ग्राइंडर बंद करून खाली ठेवला. मिरची आली म्हणजे माघ आला. माघ आला म्हणजे आमच्या सावली तालुक्याकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला निघाली असतील. त्यांच्यात माझी बाई असेल. आणि बाईच्या पायांखाली मी लावलेला पत्रा असेल.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, शालू. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात.

दरवर्षी मिरची आली की मला काहीतरी होतं, आणि दरवर्षी काय होतं ते सांगता येत नाही. भीती म्हणावी, तर तो पत्रा आजवर टिकलाय. अभिमान म्हणावा, तर त्या दिवसांत मी इतक्या चुका केल्या की अभिमानाला बसायला जागा नाही. उपकाराची जाणीव म्हणावी, तर कोणाचे उपकार? शिकवणाऱ्या मिस्त्रीचे, गाडी हातात देणाऱ्या भाऊजींचे, की मला नेमक्या वेळी लागलेल्या भुकेचे?

माघातलं आमचं गाव मला डोळे मिटले की दिसतं, पण तुकड्यातुकड्यांनी. धान कापून, चुरून, घरात आलेलं. बांद्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, रिकाम्या, नुसती धसकटं, आणि त्या धसकटांच्या मधून लाखोळीची बारीक निळी फुलं. अंगणाअंगणात तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, ढीग. उन्हात बसावं तर चटका, सावलीत जावं तर गारठा. माणूस दिवसभर खाट इकडून तिकडे सरकवत राहतो. धान झालं की गावात हाताला काम उरत नाही. मग कोणीतरी फोनवर जोरजोरात तेलुगू-हिंदी मिसळून बोलू लागतं, बाया जुनी लुगडी बाहेर काढतात, मिरचीनं हात जळतात म्हणून खोबरेल तेलाची बाटली गाठोड्यात पहिली जाते.

भाऊजींची व्हॅन तिसऱ्या हातची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया शेतावर न्यायची, हंगाम झाला की धानाची पोती मूल या गावच्या राईस मिलवर टाकायची, येताना ढोरांसाठी कोंडा भरून आणायची, आणि माघात आठजणींना घेऊन तेलंगणात खम्ममकडे जायची. वर्षानुवर्षं चिखलाचे ओले पाय त्या तळावर टेकले. लोखंड काही बोलत नाही. ते आतल्या आत पापुद्रे सोडत राहतं.

ते कळलं कसं, तर मूलहून येताना बाई एकदम ओरडली, “अजी, थांबवा! माही चप्पल गेली!”

भाऊजी म्हणाले, “कुठून गेली वं? दारं तं बंद आहेत.”

“खालून गेली!”

भाऊजींच्या सीटमागे, जिथं मधल्या बाकावरच्या माणसाचे पाय येतात, तिथं तळाला भाकरीएवढं भोक पडलं होतं. त्यातून रस्ता धावताना दिसत होता. बाई एका पायात चप्पल घालून घरी आली आणि दिवसभर हसत होती. भाऊजी हसले नाहीत. दहा दिवसांवर निघायचं होतं. गाडी गेली नाही तर मिरचीवाला शेतकरी दुसऱ्या गावची टोळी बोलावणार होता आणि आठ घरांचा तो हंगाम बुडणार होता. गाडी तशीच नेली, तर त्या भोकावर कोण बसणार?

मूलच्या मिस्त्रीकडे ट्रॉल्यांची रांग लागलेली. मी तेव्हा बाईकडेच होतो, विशीतला, होसूरच्या कामाला निघायची वाट बघत. नववीत शाळा सोडली होती. का सोडली ते विचारलं की मी प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचो, कारण मलाच एक धड माहीत नव्हतं. पण नंतरची चार वर्षं मी त्याच मिस्त्रीकडे फाटकं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडल्या होत्या. मी म्हटलं, “मी करतो, भाऊजी. घरीच.” हे तोंडातून गेलं आणि मी घाबरलो. ट्रॉलीचं लोखंड म्हणजे रेड्याची पाठ, कितीही तापवा. गाडीचा पत्रा म्हणजे कांद्याचं साल.

मिस्त्रीनं लहान वेल्डिंग मशीन दिलं, बारीक कांड्या दिल्या, आणि हातातलं काम न थांबवता बोलत राहिला. “घरात पेट्रोल सांडून चूल पेटवतं का तू? नाई ना? मंग टाकी पयले उतरव. बॅटरी उतरव. सीटा, रबर, चटया, जे जळते ते सारं बाहेर काढ. ओली पोती हाताशी ठेव. आन काम झाल्यावर तासभर गाडीपाशी बसून राह्य.”

“बसून काय करू?”

“काई नाई करू. पाह्य नुसता. आग लाजरी असते. माणूस उठून गेल्यावर येते ते.”

इथं होसूरच्या शेडमध्ये हेच सगळं छापील कागदावर असतं. वेल्डिंगच्या आधी तो भरायचा, खाली सही करायची. पहिल्यांदा तो कागद हातात आला तेव्हा मला रडू येईल की काय असं झालं. शाळा सोडलेल्या माणसाला कागद दिसला की घाम फुटतो म्हणून असेल, किंवा त्यातली ओळ न् ओळ मला मिस्त्रीच्या आवाजात ऐकू येत होती म्हणून असेल. नक्की कशानं ते आता सांगता येणार नाही.

अंगणातला तणसाचा ढीग उचलून पलीकडच्या बांदीत नेण्यातच अर्धा दिवस गेला. पेट्रोलची टाकी काढून दूर चिंचेखाली ठेवली, वर ओलं पोतं. गाडी इतकी मोकळी केली की ती गाडी वाटेना. शेजारची माणसं बघायला जमली. मी सांगत होतो, ठिणगीकडे बघू नका, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल. त्यांना वाटे मी भाव खातोय. बाई चहा घेऊन आली तर मी तिच्यावरही ओरडलो, “बाई, हे पातळ घालून इकडं येऊ नको. नायलॉनचं आहे, चिकटन अंगाले.”

“मंग काय नेसू, पोतं?” ती म्हणाली, आणि चहा जोत्यावर ठेवून गेली. जरा वेळानं जुनं सुती लुगडं नेसून आली आणि माझ्यासमोर एक गिरकी घेतली. “झालं समाधान, इंजिनेर साहेब?”

गंजलेला भाग कापायचा तर चांगलं लोखंड लागेपर्यंत कापावं लागतं. मी कापत गेलो. भाकरीएवढं भोक परातीएवढं झालं. दाराखाली जी पायरी असते, आतून पोकळ, तिचाही वरचा काठ गेला होता, तोही कापला. भाऊजी उकिडवे बसून बघत होते. शेवटी म्हणाले, “अरे विलास, गाडी दुरुस्त करून राह्यला का संपवून राह्यला?”

मी आणखी एक बोट कापलं. 

आणि पत्रा? घरात नवा पत्रा नव्हता. छपराचा जस्ताचा होता, पण त्याचा धूर वाईट, ताप भरतो, तो नको म्हणालो. तेव्हा बाई आत गेली आणि आतून म्हणाली, “आलमारीची पाठ चालन का?”

तिच्या लग्नातली आलमारी. माझ्या बाबांनी आंदणात दिलेली, पिस्ता रंगाची.

“आंदणाची आलमारी कापतं का वं?” भाऊजी चिडले.

“पाठ भिंतीकडं आहे तिची. कोण पाह्यते?”

तिनं स्वतः आलमारीतले कपडे काढले. आम्ही ती भिंतीपासून ओढली. मागं कोळ्यांची जाळी आणि कोणाचा तरी हरवलेला कंगवा. मी पाठीतून परातीएवढा तुकडा आणि पायरीसाठी एक पट्टी कापली. कपडे परत ठेवले तेव्हा मागून भिंतीचं सारवण दिसत होतं. ती आलमारी आजही तशीच आहे.

जोडायला लागलो आणि पहिल्याच टाक्याला पत्रा विरघळला. भोक बुजवायला लावलेल्या टाक्यानं नवं भोक पाडलं. चार वर्षं लोखंड जोडलं होतं, पण ते दुसरंच लोखंड होतं. मग हळूहळू सापडत गेलं: टेकवायचं की उचलायचं. या कोपऱ्यात एक टाका, मग तिरपा त्या कोपऱ्यात एक, मग हात आवरायचा, थंड होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा पापडासारखा वाकडा होतो. कांडी टेकली की शेजारच्या घरातला दिवा मंदावायचा आणि तिथून आवाज यायचा, “झालं का रे?” तळ झाला. मग पायरीचा काठ पट्टीनं बंद केला. चहूबाजूंनी बंद. ती पोकळी आतून मी बघितली नाही. कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणता येईल. पण खरं असं की मला सुचलं नाही.

मग तासभर बसलो.

आयुष्यात मी अनेक ठिकाणी तासभर बसलो असेन, पण तो तास वेगळा होता. काहीही न करणं हेच काम. तापलेला पत्रा निवताना बारीक टिकटिक करतो. मी ती मोजायचा प्रयत्न केला, चुकलो, सोडून दिला. सावली चाकाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. बाईनं लांबून विचारलं, “काय पाहून राह्यला?” मी म्हटलं, “आग.” “कुठी आहे?” “नाई.” ती मान हलवून आत गेली. धूर नाही, वास नाही, काही नाही. मला वाटलं, आपण सावध माणूस आहोत. हे असं वाटणं मला त्याआधी माहीत नव्हतं. नंतरही फारसं झालं नाही.

तास झाल्यावर भाऊजी उठले. “झाला ना तास? चाल, टाकी बसवून टाकू. आज रंगही मारून होते.” टाकीत अर्धं पेट्रोल होतं.

मी म्हणालो, “आधी जेवू, भाऊजी. भूक लागली.”

एवढंच. याच्यामागे विचार नव्हता. सकाळपासून दोन चहांवर होतो.

आम्ही जेवायला बसलो. वरण-भात, वाळक्या मासोळ्या. दोन घास झाले असतील, तर बाई हात थांबवून म्हणाली, “काऊन रे, लाह्यांचा वास कुठून येऊन राह्यला?”

“कोणाकडं भाजत असतीन,” भाऊजी म्हणाले.

“माघात? लाह्या नागपंचमीले भाजतात.”

मग आवाज आला. तड. तडतड. बाई खरकट्या हातानं उठली आणि तिच्यामागे आम्ही. अंगणात गाडी तशीच उभी, शांत. पायरीला खालून पाणी निथळायला बारीक भोक असतं, त्यातून एक पांढरी लाही बाहेर पडली. मग दुसरी. एक कोंबडी ती टिपत होती.

आमच्याकडे भुशाची शेगडी प्रत्येकाला ठाऊक असते. पत्र्याच्या डब्यात कोंडा ठासून भरायचा, मधे भोक ठेवायचं, पेटवायची. ज्वाला नाही, फार धूर नाही, आतल्या आत लाल होत दिवसभर चालते. आम्ही तिघंही अशा शेगडीवर तापलेल्या पाण्यानं अंघोळ करून मोठे झालो. आणि इतकी वर्षं त्या गाडीत धानाची पोती, कोंड्याची पोती. सांडलेला दाणा न् दाणा, कोंडा, भुसा त्या पोकळ पायरीत जाऊन बसला होता, वरून चिखलानं दाबलेला. मी त्याला वरून झाकण बसवलं आणि तापवलं. शेगडी बाहेरून कशी दिसते ते मला माहीत होतं, ती गाडीच्या आकाराची असू शकते हे माहीत नव्हतं.

पाणी ओतायला जागा नव्हती. जागा मीच बंद केली होती. छन्नी-हातोडा घेऊन मी माझेच टाके उडवले, ज्यांना दुपार गेली ते क्षणात गेले, आणि आत बघतो तर टोकापासून टोकापर्यंत लाल. बाई घागर ओतत होती, भाऊजी बादली. वाफ अशी आली की भाऊजींच्या मनगटाला फोड आला. काळं पाणी अंगणभर पसरलं, त्यात अर्ध्या फुटलेल्या लाह्या. दाराचं रबर काढायचं राहिलं होतं, ते वितळून लोंबत होतं.

सगळं थंड झाल्यावर भाऊजींनी चिंचेखालच्या टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “बरं झालं तुले भूक लागली.”

मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं मी केलं होतं, तरी आग लागली. जे कोणी सांगितलं नव्हतं, सहज केलं होतं, त्यानं आम्ही वाचलो. मग सावध राहणं म्हणजे काय? मी तेव्हा सावध होतो की नुसता भुकेला होतो? हा प्रश्न मी होसूरला घेऊन आलो. इथं माझं एक वेड सगळ्यांना माहीत आहे: वेल्डिंगच्या आधी मी प्रत्येक गाडीच्या पायरीत तार घालतो, हवा मारतो, कान लावतो. पोरं मला डॉक्टर म्हणतात. छापील कागदात ‘जवळपास जळणारं काय आहे’ असा प्रश्न आहे. ‘गाडीच्या पोटात काय आहे’ असा नाही. मी सुपरवायझरला सांगायला गेलो होतो एकदा, पण कोंडा, लाह्या, शेगडी हे मला त्याच्या भाषेत जमेना. मी हातांनी दाखवू लागलो. त्याला वाटलं मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी पायरी धुतली, खरवडली, वाळवली, पुन्हा जोडली. त्या वेळी दोन तास बसलो. भाऊजींनी तळावर उभं राहून तीनदा उड्या मारल्या. काही झालं नाही. पण उडी मारणं वेगळं आणि आठ माणसं घेऊन खड्ड्याखड्ड्यांतून दिवसभर जाणं वेगळं, हे मला कळत होतं. त्या रात्री मी भाऊजींना म्हणणार होतो की माझ्या कामावर कोणाला बसवू नका. म्हटलं नाही. का म्हटलं नाही?

निघायच्या सकाळी गाठोडी वर बांधली. बाया एकमेकींना ढकलत, हसत चढत होत्या. पण माझ्या पत्र्यावर पाय येतील त्या जागी कोणी बसेना. आगीची गोष्ट गावभर झाली होती. एकजण म्हणालीच, “मी मागं पोत्यावर बसते बाई, मले तिथी गरम होईन.” सगळ्या हसल्या. भाऊजींनी मागं न बघता म्हटलं, “शालू, तू बस माह्या मागं.” आणि बाई बसली. पदर सावरून. गाडी निघाली. मी तिच्या मागच्या काचेकडे बघत राहिलो, ती लाखोळीच्या बांद्यांपलीकडे वळेपर्यंत.

दोन दिवसांनी मी होसूरची गाडी धरली. त्या परक्या खोलीत पहिले कित्येक महिने मला एका गोष्टीनं सांभाळलं: भाऊजींनी आपल्या बायकोला माझ्या टाक्यांवर बसवलं आणि ती बसली. शाळेनं कधी मला इतके मार्क दिले नव्हते. पुढं मोठा झालो तशी शंका आली. तो विश्वास होता की दुसरा इलाज नव्हता? कोणीतरी बसायलाच हवं होतं, आणि आपल्या घरचं माणूस पुढं करणं हे त्या माणसाला योग्य वाटलं असेल, एवढंच असेल. मला दोन्ही पटतं, आळीपाळीनं.

मिरचीचा ट्रक गेल्यावर काल मी फोन केला. भाऊजी म्हणाले, “बरं झालं केला. दुसऱ्या बाजूचा तळ गेला आता. आठ-दहा दिवसांनी निघाचं आहे. मूलच्या नव्या मिस्त्रीले दाखवली.”

“काय म्हणाला?”

“तुह्या पत्र्याकडं बॅटरी मारून लय वेळ पाहात होता. मंग म्हणे, हे कोणं केलं?”

“मग?”

“मी म्हटलं, साळ्यानं.”

“अहो, पण चांगलं आहे म्हणाला की वाईट?”

“ते नाई विचारलं. तेवढ्यात चहा आला.” मग म्हणाले, “त्याले देऊ काम, का तू येतं?”

 तेवढ्यात बाईनं फोन हिसकावला. “येनं नाई झालं तं नको येऊ. निघाचं तं आहेच आमाले.”

मी म्हणालो, “बाई, एक विचारू? त्या वर्षी तू त्या पत्र्यावर बसली. भेव नाई वाटलं तुले?”

“वाटलं ना. काऊन नाई वाटन?”

“मग?”

“मंग काय, पाय वर घेऊन बसली. मांडी घालून.”

“कुठपर्यंत?”

“पार खम्ममवर. मुंग्या आल्या पायाले. बाजूची म्हणे, पाय दुखतात का वं? मी म्हटलं, हो.”

“आणि मला काही बोलली नाहीस.”

“तू तिकडं परमुलखात निघाला होता. तुले काय बोलू?” पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती “आलीच” म्हणाली, आणि मग मला, घाईघाईनं: “येताना खाली ठेवले होते पाय.”

आज दुपारी मी रजेचा कागद मागून घेतला. त्यावर ‘कारण’ असा एक रकाना आहे. मी ‘घरचं काम’ लिहिलं. ते कमी वाटलं, खोडलं. दुसरं काही सुचेना, म्हणून खोडलेल्याच्या बाजूला पुन्हा तेच लिहिलं आणि सही केली.